बॅनर ठेवा, बुधवार द्या

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन आला की गावोगावच्या शाळांत ज्वालामुखी फुटतात. खायचा सोडा, व्हिनेगर आणि वर थोडा लाल रंग. कॉलेजातून आलेले दादा-ताई तो फोडून दाखवतात, पोरं टाळ्या वाजवतात, बॅनर धरून फोटो निघतो. अहवालात लाभार्थी विद्यार्थ्यांचा आकडा पडतो आणि गाडी कॉलेजकडे वळते. 1 मार्चला सातवीतल्या ज्या मुलाला भागाकार येत नव्हता, त्याला तो अजूनही येत नाही. त्याला येत नाही हे आलेल्यांपैकी कुणाला कळलंही नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

मला या प्रकाराचा राग येतो. त्या कॉलेजच्या मुलांचा नव्हे. ती बिचारी सांगितलं ते करतात. राग येतो तो सांगणाऱ्यांचा. ज्या सी. व्ही. रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून आपण 1987 पासून हा दिवस साजरा करतो, त्यांना समुद्राचं पाणी निळं का दिसतं हा प्रश्न 1921 मध्ये बोटीच्या प्रवासात पडला. उत्तराचा पाठलाग 1928 पर्यंत चालला. सात वर्षं! आणि त्यांच्या नावानं आपण मुलांना देतो काय, तर दोन तासांचा फेस.

आधी परिस्थिती काय आहे ते पाहू. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत 2023 साली ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला दिलं होतं. 43.3 टक्क्यांना ते जमलं. म्हणजे शंभरातल्या छप्पन-सत्तावन्न मुलांना तिसरी-चौथीचं गणित येत नव्हतं, आणि ही मुलं मिसरूड फुटलेली, अठराव्या वर्षी मत द्यायला निघालेली होती.

हे गाडं अडतं ते सहावी ते आठवीत. पाचवीपर्यंतचं गणित बोटांवर, खड्यांवर, मण्यांवर कसंबसं निभावून नेता येतं. सहावीत अपूर्णांकांच्या क्रिया येतात, ऋण संख्या येतात, आकड्यांच्या जागी अक्षरं येतात. शून्यापेक्षा लहान संख्या बोटावर मोजता येत नाही. विज्ञानाचंही तेच. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. चाल म्हणजे अंतर भागिले वेळ. ज्याला भागाकार येत नाही त्याच्यासाठी विज्ञानाचं पुस्तक ही पाठांतराची वही होते. व्याख्या पाठ, एकक पाठ, सूत्र पाठ आणि उदाहरण मात्र सोडून दिलेलं. अशी मुलं वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतात, त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेतही येत नाहीत. दहावीला दणका बसतो तेव्हा आईबाप म्हणतात, आमच्या पोरीला गणित जमतच नाही. पोरीलाही ते पटतं. आणि तिच्या पुढच्या सगळ्या वाटा त्या एका वाक्यानं ठरून जातात.

या वयाच्या मुलांना शिकवायला तरुण माणसं आपल्याकडे नाहीत का? आहेत, पण ती कुणाच्या वाट्याला येतात ते बघा. गणिताच्या ऑलिंपियाडच्या शिबिरांत आधीच्या वर्षांचे पदकविजेते विद्यार्थी धाकट्यांना शिकवायला येतात. चांगली प्रथा आहे, चालू राहावी. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी सहावी आणि नववीच्या मुलांचे क्लास शहराशहरांत चालतात, आईबाप त्यांची फी भरतात. ज्याची गाडी आधीच पळते आहे त्याला ढकलायला चार जण हजर. जिची चिखलात रुतली आहे तिच्याकडे वर्षातून एकदा ज्वालामुखी घेऊन जायचं! ही वाटणी मला मान्य नाही.

आणि वेळ नाही हे तर कुणी सांगूच नये. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झाली. स्वयंसेवकानं वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास समाजासाठी द्यायचे हा तिचा नियम. एका युनिटमध्ये साधारण 100 स्वयंसेवक असतात. भर म्हणून नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवीच्या आराखड्यात समाजसेवेच्या कामाला क्रेडिट ठेवली आहेत. एका क्रेडिटला तीस तास. तास कागदावर आहेत, मुलं हजेरीपटावर आहेत, शाळा कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आता जरा हिशेब करू. आठवड्यातून दोन दिवस, बुधवार आणि शनिवार. दर वेळी दीड तास. वीस आठवड्यांत 60 तास होतात, म्हणजे 120 पैकी निम्मे. उरलेल्या निम्म्यात झाडं लावा, रक्तदान करा, गाव झाडा, काही हरकत नाही. दहा मुलांमागे दोन स्वयंसेवक धरले तर 100 जणांचं एक युनिट 50 गट सांभाळतं. 500 मुलं, तीही एका कॉलेजची! रुपयाचा नवा खर्च धरायचाच झाला तर खडू, चौकटीच्या वह्या आणि मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की. चिक्की मी गमतीनं लिहिलेली नाही. दुपारची खिचडी खाऊन चार तास उलटलेल्या बारा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी पाच वाजता अपूर्णांक शिकवायचे असतील तर आधी त्याच्या पोटात काहीतरी पडलं पाहिजे. ज्यांनी हा वर्ग चालवला आहे त्यांना हे माहीत असतं. कागदावर योजना आखणाऱ्यांना नसतं.

दीड तासात होतं काय, ते अशाच एका वर्गात जवळून पाहिलं. सातवीतला मुलगा, त्यानं फळ्यावर लिहिलं: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. हजारो मुलं हेच करतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी समोर होती. तिनं चूक म्हटलं नाही, लसावि काढ म्हटलं नाही. चौकटीची वही पुढे केली आणि म्हणाली, “तीस चौकटींची पट्टी आख.” त्यानं आखली.

“आता हिची अर्धी रंगव. किती झाल्या?”

“पंधरा.”

“एक तृतीयांश किती?”

थोडा वेळ गेला. त्यानं तीनाचा पाढा पुटपुटला. “दहा.”

“आणि तुझं उत्तर, दोन पंचमांश, ते किती?”

इथे तो अडला. शेजारची मुलगी सांगायला निघाली तर ताईनं तिला हातानं थांबवलं. त्यानं पट्टीचे सहा-सहाचे पाच तुकडे केले, दोन मोजले. “बारा.” मग वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “पंधरात दहा मिळवले आन् बारा आले? ताई, मिळवल्यावर कमी कसं काय होईल?”

त्या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप आहे. आपलं उत्तर चुकलं हे त्याला गुरुजींनी सांगितलं नाही, लाल शाईनं सांगितलं नाही. त्याच्याच वहीतल्या चौकटींनी सांगितलं. त्यानंतर पंचवीस चौकटी म्हणजे तीसातल्या पंचवीस, म्हणजे पाच षष्ठांश, हे त्यानं आपलं आपण काढलं. लसावि कशासाठी हे तेव्हा त्याला कळलं. याला वीस मिनिटं लागली. साठ मुलांच्या वर्गात एका शिक्षकाकडे एका मुलासाठी वीस मिनिटं नसतात, यात शिक्षकाला दोष देण्यासारखं काही नाही. ती वीस मिनिटं त्या मुलीकडे होती.

तिच्याकडे आणखी एक गोष्ट होती. सरांना ‘समजलं नाही’ म्हणायला मुलं घाबरतात. एकदा समजावलेलं पुन्हा विचारलं तर ओरडा बसेल ही भीती. ताईला मात्र तीनदा विचारतात. ताई त्याच वस्तीच्या पलीकडच्या गल्लीत राहते, तिची आई पोळ्या लाटायला जाते आणि ताई कॉलेजात आहे, हेही मुली बघत असतात. आपल्यासारख्या घरातून तिथपर्यंत जाता येतं हे त्यांना सांगावं लागत नाही.

कुणी म्हणेल, हे भाबडं आहे, एवढ्यानं फरक पडत नाही. पडतो, आणि तो मोजून झालेला आहे, तोही मुंबईत. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘बालसखी’ उपक्रम आठवत असेल. वस्तीतल्याच, दहावी वगैरे झालेल्या मुली महापालिकेच्या शाळांतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि गणित शिकवत. महिन्याला पाच-साडेसातशे रुपये मानधन. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत याची काटेकोर तपासणी केली, 2007 साली ती प्रसिद्ध झाली. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले, आणि पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी वाढ दुप्पट होती. मात्र उपक्रम थांबून एक वर्ष उलटल्यावर फायदा बराच ओसरला होता. ही मुलं तिसरी-चौथीची होती आणि बालसखी शाळेच्या वेळातच शिकवत, हा फरक मान्य. पण दोन गोष्टी त्यातून लख्ख दिसतात. शिकवायला पदव्यांची चळत लागत नाही, आणि शिकवणं मध्येच सोडून चालत नाही.

इस्रायलमध्ये 1974 साली वाइझमन विज्ञान संस्थेत ‘पेराख’ हा उपक्रम सुरू झाला. विद्यापीठातला विद्यार्थी एका मुलाचा हात धरतो, आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तास, अख्खं शैक्षणिक वर्ष. त्याच्या बदल्यात त्याला फीचा काही भाग शिष्यवृत्ती म्हणून मिळतो. हा उपक्रम देशभर पसरला आणि आजही चालू आहे. आपल्याकडची फी भरताना मेटाकुटीला येणारी मुलं आणि शिकवणीला मुकलेली मुलं यांची अशी गाठ घालून द्यायला कुणाची हरकत असेल? सरकारनं शिष्यवृत्तीची रक्कम द्यावी. निदान कॉलेजनं विद्यार्थी सहायता निधीतून सुरुवात करावी. गरीब घरातल्या मुलाकडून फुकट समाजसेवेची अपेक्षा धरणं मला पटत नाही. तो त्या वेळात दुकानात काम करून घरी पैसे देत असतो.

विज्ञानाबद्दल मात्र आपल्याला बाहेर बघायची गरज नाही. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या 16 शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू केला. मुलांनी स्वतः करून बघायचं, स्वतः निष्कर्ष काढायचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक तिथे राबले. पुढे तो जिल्हाभर पसरला, ‘एकलव्य’ या संस्थेनं सांभाळला आणि तीस वर्षांनी, 2002 साली, राज्य सरकारनं बंद केला. असं काम बंद करणाऱ्यांना इतिहासानं लक्षात ठेवावं.

पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये वर्षाची रजा काढून तिथेच गेले होते. आयआयटी कानपूरला शिकत असतानाच ते मेसच्या कामगारांच्या मुलांना शिकवत. होशंगाबादच्या त्या वर्षात आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांनी जे खेळणं बनवलं, ते आजही कुणीही संध्याकाळच्या वर्गात नेऊ शकतं. व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, त्यात काड्यांची टोकं खुपसायची. चार काड्यांचा चौकोन केला की तो बोट लावताच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. मग मुलांना वर बघायला सांगायचं. शाळेच्या पत्र्याखाली कैची असते, तिच्यात त्रिकोणच त्रिकोण. बाहेर विजेचा टॉवर, त्यातही त्रिकोण. सातवीतली पोरं त्यानंतर घरी जाताना वाटेत दिसेल त्या सांगाड्यातले त्रिकोण मोजत जातात. पुढे हेच गुप्ता आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कित्येक वर्षं मुलांमध्ये रमले आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यातच आयसरचे विद्यार्थी ‘दिशा’ या आपल्या उपक्रमातून आसपासच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करतात. म्हणजे रस्ता मळलेला आहे. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी मागे राहायचं कारण नाही; पाचवीचा भागाकार त्यांनाही येतो.

आता आडकाठ्या. मुख्याध्यापक बाहेरच्या तरुणांना शाळेत घ्यायला कचरतात. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर त्यांनी कचरावंच. म्हणून नियम कडक ठेवा: ओळखपत्र, पोलिस पडताळणी, दर गटाला दोघे, त्यात एक मुलगी, दार सताड उघडं, शाळेतली एक शिक्षिका आवारात हजर, मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत. मुली अंधाराआधी घरी पोचल्या पाहिजेत, म्हणून डिसेंबर-जानेवारीत वर्ग शनिवारी दुपारी घ्या. शहरात दोन पाळ्यांच्या शाळा असतात. सकाळची पाळी सुटते तेव्हा कॉलेजचे तासही संपत आलेले असतात. जुळवायचं म्हटलं तर जुळतं.

शिक्षक संघटनांचा आक्षेप मात्र रास्त आहे आणि मी त्यांच्या बाजूनं उभा आहे. हे काम रिकाम्या जागांची भरपाई म्हणून वापरता कामा नये. ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही, तिथे आधी शिक्षक द्या. निवडणूक याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून त्याला मोकळा करा. कॉलेजची मुलगी शिक्षकाच्या जोडीला आली पाहिजे, त्याच्या जागी नव्हे. आणि तिनं आल्यावर शिक्षकाला विचारलं पाहिजे की कोण कुठे अडलंय, कारण त्याला ते माहीत असतं.

सगळ्यात मोठी आडकाठी कॉलेजच्या मुलांचीच आहे. जुलैत चाळीस येतात, गणपतीनंतर पंचवीस, सेमिस्टर परीक्षा आली की सहा. ज्या मुलांच्या आयुष्यात मोठी माणसं आधीच येऊन-जाऊन असतात, त्यांना आणखी एक ताई न सांगता गायब झालेली चालत नाही. ती पुढच्या ताईला प्रश्न विचारत नाहीत. म्हणून ज्याला वर्षभर जमणार नाही त्यानं नाव देऊ नये. परीक्षेसाठी तीन आठवडे सुट्टी लागणार असेल तर मुलांना तारीख सांगून जावं आणि त्या तारखेला परत यावं. शिकवणाऱ्यांचाही यात फायदा आहे. 1982 साली अमेरिकेत 65 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा शिकवणी देणाऱ्या विद्यार्थ्यांची स्वतःची विषयाची समजही वाढलेली दिसली. अपूर्णांक असा का मिळवायचा हे सातवीच्या मुलाला पटवून दिलं की आपल्यालाही तो पहिल्यांदा खरा कळतो.

जुलैत राष्ट्रीय सेवा योजनेची नोंदणी सुरू होईल. प्राचार्यांना माझी विनंती आहे: या वर्षी विज्ञान दिनाचा बॅनर छापू नका. जवळची एक शाळा ठरवा, बुधवार आणि शनिवार ठरवा, साठ तासांचं वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीनिशी भिंतीवर लावा. फोटोऐवजी हजेरी मागा, मुलांची आणि तुमच्या विद्यार्थ्यांचीही. फेब्रुवारीच्या अहवालात लाभार्थ्यांचा आकडा लिहू नका. जुलैत किती जणांना भागाकार येत नव्हता आणि फेब्रुवारीत किती जणांना येऊ लागला, ते लिहा. आणि हे वाचणारे जे कॉलेजात आहेत त्यांना एवढंच सांगतो. प्राचार्यांची वाट बघू नका, दोघं-तिघं मिळून शाळेत जा, परवानगी घ्या. पहिल्या दिवशी वर्गाला भागाकाराचं एक उदाहरण घाला, आणि ज्यांना ते सुटणार नाही त्यांच्या बाकापासून सुरुवात करा.